कारण : इतर

या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय प्रभावतीताई, उत्तनहून मुद्दाम आलेले आजचे पाहुणे कॉन्रॅड सर, जिच्यासाठी आपण सगळे जमलोय ती संघप्रिया, तिच्या मातोश्री, आणि मुर्धा-राईच्या माझ्या शेजाऱ्यांनो, बंधू-भगिनींनो,

मी बोलायला उभा राहिल्यावर मागच्या दोन रांगांत कुजबुज सुरू झाली, ती मला इथून ऐकू येतेय. चालू द्या. ज्याच्या तोंडाला कुलूप लावायला हवं होतं, त्याच्याच हातात ताईंनी माईक दिलाय. मी नको नको म्हणत होतो. ताई म्हणाल्या, "जितेंद्रभाऊ, कौतुक करायला दहा जण आहेत. तुमचं काम तुम्हीच करा."

संघप्रिया परवा नांदेडला निघतेय. लॅबमधली कायमची नोकरी लागलीय, अभिनंदन! गेली तीन वर्षं सकाळची ड्युटी संपवून ही मुलगी खारी गावातून रिक्षानं इकडे यायची आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा मोठ्या माणसांना त्यांच्या घरी बसून शिकवायची. फुकट. कोणाला न कळू देता. साठीच्या माणसाला बाराखडी शिकताना शेजाऱ्यानं बघू नये, म्हणून ताई चालवतात त्या साक्षरता वर्गाचा हा पहिला नियम. आज हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मी आमच्या सोसायटीच्या सुरक्षा समितीचा प्रमुख. स्वतःहून झालेला, बरं का! कोणी हातापाया पडलं नव्हतं. रिटायर झालो, घरात बायको दोन दिवसांत कंटाळली, म्हणून समिती काढली. सोळा कॅमेरे बसवले. गेटवर ॲप आणलं. येणाऱ्याचा फोटो, नाव, फ्लॅट नंबर आणि येण्याचं कारण. कारणाला चार बटणं: डिलिव्हरी, घरकाम, पाहुणे, इतर. सुरक्षेसाठी एवढं तर हवंच ना? मी आजही म्हणतो, गेट हवंच. पण गेटवर बसलेल्या माणसाला अक्कलही हवी.

चारशे दोनमध्ये दाजी राहतात. आयुष्य मिठागरात गेलं. बायको शेवंतीबाई वारल्यापासून एकटेच. त्यांच्याकडे एक तरुण मुलगी रोज दुपारी तीनला येते, चारला जाते. कारण? इतर. एक दिवस इतर, दोन दिवस इतर, सलग तेवीस दिवस इतर! अहो, इतर म्हणजे काय? माझ्या जिवाला चैन पडेना. खरं सांगू? काळजी नव्हती ती. चघळायला विषय मिळाला होता.

चोविसाव्या दिवशी मी स्वतः गेटवर जाऊन उभा राहिलो. वॉचमन नीरज म्हणाला, "साहब, मॅडम रीझन नहीं बताती." मी तिला अडवलं. ती शांतपणे म्हणाली, "काका, कारण दाजींचं आहे. त्यांना विचारा. मी सांगणार नाही." मी काय म्हणालो असेन? "चांगल्या कामाला लपवाछपवी कशाला लागते?" हे चार लोकांसमोर, मोठ्यानं, हात कमरेवर ठेवून. ती तिथूनच मागे फिरली. ती एकच वाक्य बोलली असती तर सुटली असती. तिनं दाजींची लाज झाकली आणि माझ्या तोंडचा चिखल स्वतःवर घेतला.

मी तिथेही थांबलो नाही. ॲपमधला तिचा फोटो ग्रुपवर टाकला, वर "जनहितार्थ" लिहून. खाली नोटीस बोर्डावर कागद लावला. तासाभरात तो फोटो खारीत पोचला. भाजीवालीनं या माउलींना, संघप्रियाच्या आईला, मोबाईल दाखवला. "ही तुमचीच ना?" त्यांनी मुलीचं बाहेर पडणं बंद केलं. कुठली आई नाही करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी खाली आले. मला वाटलं, आता भांडणार. मीही बाह्या सरसावल्या. ते माझ्याकडे आलेच नाहीत. बोर्डासमोर उभे राहिले, कागदावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. एकेक अक्षर. "घर... नंबर... चारशे... दोन." मी म्हटलं, काय नाटक करतोय हा म्हातारा! बोट सरकत गेलं, ओळ संपली, दुसरी सुरू झाली, आणि एका शब्दावर अडलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साळवी, ह्यो शब्द काय हाय? जोडाक्षरं माझी अजून झाली न्हाय. पोरगी ह्या हप्त्यात शिकवनार व्हती."

शब्द होता 'आक्षेपार्ह'.

तो मला त्यांना वाचून दाखवावा लागला. अर्थही सांगावा लागला. दाजींनी उभ्या आयुष्यात भिंतीवरचं पहिल्यांदा काही स्वतः वाचलं, आणि ते मी लिहिलेलं होतं. मंडळी, लाज वाटते म्हणतात ना, ती मला त्या दिवशी कळली.

नंतर कळलं. लेकीचे मेसेज शेवंतीबाई वाचून दाखवायच्या. त्या गेल्यावर दाजींनी फोन कोणापुढे धरायचा? घरातलं घरात राहावं एवढ्यासाठी तो माणूस अडुसष्टाव्या वर्षी पाटी घेऊन बसला होता. आज हे बोलू का, म्हणून विचारायला गेलो, तर म्हणाले, "बोल. माझी लाज मी कवाच टाकली. तुझी तू बघ."

मी खारीला माफी मागायला गेलो. माउलींनी पाणी दिलं. बसा म्हणाल्या नाहीत. बरोबरच केलं. संघप्रिया महिन्याभरानं परत आली, आणि आली ती थेट गेटवर. नीरजला म्हणाली, "भैया, इतर." नीरजनं उठून गेट उघडलं.

पण वर्गाचा बोभाटा झाला तो झालाच. तिच्याकडे अकरा जण शिकत होते. चौघे पुन्हा आले नाहीत.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. भाषणातलं घाला. गेटवरचं घालू नका. संघप्रिया, तुझी माफी मागितली, दाजींची मागितली. त्या चौघांची राहिलीय. ताई नावं सांगणार नाहीत, आणि मी विचारलेली नाहीत. ते आज इथे बसले असतील, तर कोणी मान वळवून शोधू नये. त्यांनी फक्त ऐकावं. मी चुकलो. संघप्रिया गेली तरी ताईंचा वर्ग मंगळवारपासून पुन्हा सुरू होतोय.