बाकावरून काय दिसलं?

“सर, तुम्ही इंग्लंडमध्ये एवढं फुटबॉल खेळलात, मग टीव्हीवर कधीच कसे दिसला नाहीत?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मुक्तानं आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावी बसच्या रांगेत आपल्या म्हाताऱ्या कोचना, नॉर्मनना, विचारूनच टाकलं. सीझनभर त्यांनी तिला राखीव म्हणून बाकावर बसवलं होतं. टीम सोडते म्हणून आज सांगायचंच, असं ती घरी सांगून आली होती.

“चौथ्या डिव्हिजनला कॅमेरे येत नसत, पोरी. आले असते तरी मी बाकावरच.”

“मग कोच कसे झालात?”

“बसून बसून खेळ दिसायला लागला.”

मागून एक टक्कल पडलेला माणूस पुढे झाला.

“गॅफर,” त्यानं कोचना जुन्या खेळाडूच्या थाटात हाक मारली, “ओळखलंत? मी डेक्लन. दोन वर्षं बसवून ठेवलंत मला.”

“शिव्या द्यायला आलास?”

“आभार मानायला. हाफटाइमला सगळ्यांच्या आधी मला विचारायचात, ‘डेक्लन, काय दिसलं?’ तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. आता नावन गावात मी पोरांना फुटबॉल शिकवतो. तेच विचारतो.”

“सांगतात?”

“थांबतच नाहीत.”

नॉर्मन मुक्ताकडे वळले.

“आणि तुला काय दिसलं गं, परवाच्या मॅचला?”

मुक्ता जी सुरू झाली, ती बसमध्ये तिचा स्टॉप मागे पडला तरी बोलतच होती.

घरात शिरल्या शिरल्या तिनं दप्तर टाकलं.

“आई, बाबा, मी टीम सोडत नाहीये. शनिवारी बाकावरच असेन, पण तुम्ही दोघं बघायला या.”