पुट्टीखालची भिंत

मुलगा: आई, शेवटचं सांगतो, त्या स्टुलावरून ऊठ.

आई: शेवटचं ना? बरं झालं. मघापासून तेच तेच ऐकून कान किटले माझे.

मुलगा: माझी खोली आहे ती. आत माझी बायको आहे. दिवसभर शिडीवर उभा राहून घरी येतो, तर आई दाराला पाठ लावून बसलेली! तमाशा नुसता. तिनं बोलावलं ना तुला?

आई: ती कसली बोलावते! मी आपणहून आले. दार उघडलं तिनं आणि नाकात रंगाचा वास. म्हटलं, आत्ताच तर रंगवलं होतं की घर. तर म्हणाली, ओल आली होती.

मुलगा: आलीच होती.

आई: कुणाला शिकवतोस? उभा जन्म रंगाऱ्याच्या घरात गेला माझा. ओल खालून चढते, नाहीतर वरून झिरपते. ना नळ, ना छप्पर, अशा मधल्या भिंतीला बरोबर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर ओल येते होय रे?

मुलगा: तू येऊन भिंती तपासत बसलीस?

आई: बसले. तुझ्या पेटीतून पुट्टीचा पत्रा काढला आणि खरवडलं. पुट्टी पुरती वाळलीही नव्हती. खाली खड्डा. शेजारी अजून एक, जुना. पुढे खरवडायची हिंमतच झाली नाही माझी.

मुलगा: कपाट सरकवताना लागलंय ते.

आई: कपाटाला केस असतात का?

मुलगा: काय?

आई: लांब केस होते पुट्टीत. बापाच्या हाताखाली शिकलास ना तू? पुट्टी लावायच्या आधी भिंत पुसून घ्यायची, हा पहिला धडा त्यांचा. घाईत नेमकं तेवढंच विसरलास.

मुलगा: तुला तिची बाजू घ्यायचीच आहे, तर घे. ती काय काय बोलते ते विचारलंस? मी विचारलं, कामावरून उशीर का झाला, तर म्हणे, दर वेळी हिशेब द्यायला मी बांधलेली नाही. असं तोंडावर! माणसाचा तोल जातो, आई.

आई: तुझा ठेकेदार चारचौघांत तुझा उद्धार करतो. त्याचं डोकं कधी आपटलंस भिंतीवर?

मुलगा: तिथे पोटाचा प्रश्न असतो.

आई: म्हणजे तोल सांभाळता येतो तुला. जिथे महागात पडेल तिथे बरोबर सांभाळतोस.

मुलगा: बाबा काय कमी तापट होते? त्यांचंच रक्त आहे माझ्यात.

आई: तापट होते. एकदा भरलं ताट भिरकावलं होतं. मी हात लावला नाही त्याला, त्यांनाच गोळा करायला लावलं. पण माझ्या अंगाला बोट लावलं नाही कधी. मेलेल्या माणसाच्या गळ्यात आपलं पाप अडकवू नकोस.

मुलगा: आता धरून उठवीन हं. म्हातारी म्हणून ऐकून घेतोय.

आई: धर ना. तिला धरतोस तसाच धर, दंडाला. तिच्या दंडावर तुझी बोटं उमटलीत, माझ्याही उमटू देत. दाखवायला बरी पडतील.

मुलगा: दाखवायला? कुणाला? ए, तू बाहेर ये आधी! सासूच्या मागे लपून बसलीये! ऐकू येतंय का?

आई: ओरड. घसा बसेल तुझा. आत कुणी नाही.

मुलगा: म्हणजे?

आई: दुपारीच गेली. तुझी बहीण येऊन घेऊन गेली. आधी दवाखान्यात, मग पोलिसांत.

मुलगा: ताई? माझी सख्खी बहीण?

आई: सख्खीच. तुझ्या बायकोच्या डोक्याची जखम बघून रडली आणि मग माझ्यावर ओरडली, आई, तुला इतके दिवस कसं कळलं नाही म्हणून.

मुलगा: मग तू इथे कुणाला राखत बसलीयेस?

आई: भिंतीला.

मुलगा: वेड लागलंय तुला.

आई: तुझ्या हाताला सफाई आहे, बापापेक्षाही जास्त. पाच मिनिटं आत सोडलं तर तू ती भिंत अशी करशील, की इथे कधी काही घडलंच नाही. मग पोलीस म्हणतील, बाई, दाखवा कुठे आपटलं. आणि ती ठरेल खोटी.

मुलगा: आई, माझं काम जाईल गं. लोकांच्या घरात शिरून काम करतो मी. बायका-मुलं असतात घरात. कोण बोलावेल मला?

आई: खरंय. मीही नसतं बोलावलं.

मुलगा: ठीक आहे. उद्या आजारी पडलीस तर माझ्या दारात येऊ नकोस. मी मेलो तुला.

आई: कुणी मेलेलं नाही. तूही जिवंत आहेस, तीही आहे. तिचं काही बरंवाईट होईपर्यंत थांबायचं होतं का मी? तुझी लाज वाटते मला. आणि भीतीही वाटते. पोटच्या पोराची भीती!

(दारावरची बेल वाजते.)

मुलगा: ते आले वाटतं. आई, तू सांग ना त्यांना, कपाट लागलं म्हणून. तुझं ऐकतील ते.

आई: मी बघितलं तेच सांगणार.

मुलगा: आई... तू माझी आई ना?

आई: हो. दार उघड.

मुलगा: तू उघड.

आई: मी उठले की तू आत शिरशील. तूच उघड.