राजाच्या घरची फरशी

मी नागपूरची, इंदोऱ्यातली. माह्यी माय दवाखान्यात फरशी पुसाच्या कामावर होती, तिच्याच पगारावर मी इंजिनियर झाली, आता कॅनडात किचनर शहरी सॉफ्टवेअरमधी आहो, नवरा बाजूच्याच केंब्रिज गावाले गाड्यांच्या प्लांटात. घर आहे, बेसमेंट आहे, पोरगी शाळेत जाते. अन् काय सांगू तुम्हाले, एवढं शिकून मी मायचंच तोंड बंद केलं.

यंदा मायले इकडं आणाचं होतं, तं आधी जर्मनीत भावाकडं थांबलो. भावाची मॅनेजर बाई लय चांगली, म्हणे चला, पॉट्सडॅमचे राजवाडे दाखवते. टेकडीवरचा पिवळा पाह्यला, खाली द्राक्षांच्या पायऱ्या, मंग बागेच्या पार दुसऱ्या टोकाचा मोठा. तिथं एक अख्खा दिवाणखाना शंख-शिंपल्यांनी मढवलेला, माय म्हणे, हे पुसते कोण वं. फरशी खराब होऊ नये म्हणून सगळ्याइले बुटावरून घालाले जाड लोकरीचे सपाते देल्ले, तं मायनं विहारात काढते तशा चपला दाराशी काढल्या अन् सपाते मोज्यावरच चढवले. पुढं ते गोरे लोक पाय घासत घासत चाल्ले, माय पाह्यत राह्यली अन् मोठ्यानं हासली. म्हणे, पाह्य वं पोरी, राजाच्या घरी समदे साहेब फरशी पुसू राह्यले, तेही फुकटात.

मॅनेजर बाईनं कौतुकानं इचारलं, काय म्हणाल्या त्या. मी म्हटलं, नथिंग, शी इज टायर्ड. अन् मायले म्हटलं, "चूप बस माय, लोक पाहून राह्यले."

बसली चूप. इकडं येऊन स्नो पडून वितळला तरी बसलीच. आमच्या आंबेडकर असोसिएशनचे लोक जेवाले आले का ताट घेऊन बेसमेंटमधी जाते, म्हणते, मले खालीच बरं वाटते. आपलेच लोक आहेत नं ते, हिच्यासारख्याच मायांचे लेकरं! पोरगी इचारते, मॉम, व्हाय इज आजी ऑल्वेज डाउनस्टेअर्स? काय सांगू तिले? मले माह्यीच लाज वाटते.

काल मी जाड मोजे घातले, किचनभर पाय घासत चाल्ली, म्हटलं, माय, पाह्य, साहेब फरशी पुसू राह्यले. हासली जी, खूप हासली, पण पहिले तोंडावर हात ठेवला अन् दाराकडं पाह्यलं, कोणी आयकून तं नाही राह्यलं. मंग माह्या डोक्यावरून हात फिरवला, सुखी राह्य म्हणे. तेवढ्यात बेल वाजली, जेवाले बोलावलेले लोक आले होते, अन् माय खाली निघून गेली.