टोर्केलचा डावा गुडघा

मंडळी, नमस्कार. मारित, तुम्हालाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेनऊला तुम्ही एवढे सगळे आलात. कोणी शारजाहून, कोणी थेट मुसफ्फाहून गाडी काढून. शिरीषदादांनी त्यांच्या या अल क्वोजच्या गोडाऊनमध्ये, मुलं रोज जिथे पळतात त्याच हिरव्या टर्फवर खुर्च्या मांडल्यात. टोर्केल आपल्यातून जाऊन तीन आठवडे झाले. दादा मला म्हणाले, तू त्याला सगळ्यांत आधीपासून ओळखतोस, तू बोल. मी चार पानं लिहून आणली होती. आत्ता बघतोय तर अक्षरं दिसेनात. राहू देत ती खिशात. बोलतो जमेल तसं, सांभाळून घ्या.

टोर्केलच्या पत्नी मारितना मराठी येत नाही. म्हणून माझी सई त्यांच्या शेजारी बसलीय आणि हळूच इंग्लिशमध्ये सांगतेय. सई, फास्ट होतंय का गं? ‘यू आर फाइन, पप्पा.’ बघा! बापाने मराठीत विचारायचं आणि लेकीने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. तुमच्याकडेही हेच ना?

मी अजित. फिजिओथेरपिस्ट. मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉल चालतो, आणि मॅच हरली की लोक आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे फुटबॉल मला नवा नव्हता. स्वीडनचा माणूस नवा होता.

टोर्केल म्हणजे तुमच्या मुलांचा तो कोच टी. मला भेटला तेव्हा छत्तीसचा होता. इथल्याच एका छोट्या क्लबात सेंटर बॅक. म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहून समोरच्याला अडवणारा. मी क्लबात अगदी नवीन. रोज सकाळी तो माझ्या टेबलावर पालथा पडायचा. पालथ्या माणसाला समोर कोणाचं तोंड दिसत नाही, म्हणून अबोल माणूसही बोलायला लागतो. मैदानावर ओरडून ओरडून अख्खी टीम हलवणारा हा गडी एरवी दिवसाला वीस शब्द बोलायचा. त्यातले पंधरा माझ्या टेबलावर.

त्याचं सगळं करिअर मला तिथेच कळलं. उत्तर स्वीडनमधलं लहान गाव. वडील बस चालवायचे. वर्षातले पाच-सहा महिने बर्फ. तो बाजूला ढकलायचा आणि खडीच्या मैदानावर खेळायचं. लहानपणी हा पुढे खेळायचा, गोल मारायला. एका मॅचला मागच्या मुलाला कांजिण्या आल्या, म्हणून याला मागे टाकलं. ‘तो मुलगा बरा झाला,’ टोर्केल म्हणायचा, ‘पण मला परत पुढे कोणी बोलावलंच नाही.’ सतराव्या वर्षी पहिला करार. मग स्वीडनची वरची लीग. मग डेन्मार्क. मग दोन वर्षं तुर्कस्तान. मग इथे. देशाच्या टीमकडून एकदाच बोलावणं आलं. दोन मॅच बाकावर बसला, मैदानावर पाय पडला नाही. मी म्हटलं, वाईट वाटलं असेल रे. तर म्हणाला, ‘जागा चांगली होती. सगळं दिसत होतं.’

आणि गोल? एवढ्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. मी कोल्हापुरी, मी काय सोडतोय? मी चिडवायचो, मग एवढी वर्षं केलंस तरी काय? तो म्हणायचा, ‘दुसऱ्यांचे किती झाले नाहीत, ते विचार ना.’ आता ते कोण मोजणार, मंडळी? कोणी मोजतं का?

त्याची एक खोड मात्र मी पहिल्या महिन्यातच बघितली. शेजारचा खेळाडू चुकला की हा तिथे आधीच पोचलेला असायचा. मॅचनंतर त्या चुकलेल्याला एक शब्द बोलायचा नाही. कोचने विचारलं, समोरचा माणूस कोणाच्या हातून सुटला, की हा आपला हात वर करायचा. चूक त्याची नसली तरी. मी म्हणायचो, लई भोळा आहेस बाबा तू.

आता त्याची शेवटची मॅच. ती तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. सीझन संपत आला होता. हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार होता. टोर्केलचा डावा गुडघा मॅचच्या तीन आठवडे आधी मुरगळला होता. तुम्हाला माहीत आहे ते असं, की गुडघा बरा झालाच नव्हता, त्याने ते लपवलं, गोळ्या घेऊन आणि बर्फ लावून टेस्ट पास केली आणि खेळायला उतरला. सत्तराव्या मिनिटाला मागे पळायला वळला. आसपास कोणी नव्हतं. वळला आणि खालीच बसला. लिगामेंट गेलं. करिअर खलास.

क्लबने करार संपवला. स्वीडनमधल्या जुन्या क्लबात असिस्टंट कोचची जागा मिळायची होती, तीही गेली. दुखापत लपवणाऱ्या माणसाच्या हाती आमची पोरं कशी द्यायची, असं त्यांचं म्हणणं. मारितची इथे शाळेत नोकरी होती आणि शिरीषदादांचं हे गोडाऊन अर्धं रिकामं पडलेलं होतं. म्हणून टोर्केल इथे राहिला आणि बारा वर्षं तुमची मुलं घडवत राहिला.

इथे त्याने काय कमी सोसलं? प्रत्येक आईबापाला आपलं लेकरू पुढे हवं. ‘सर, माझ्या मुलाला मागे का टाकलं?’ थालीपीठाचा डबा हातात द्यायचा आणि हळूच विचारायचं. हसताय काय, तुम्हीच विचारत होता! तो थालीपीठ खायचा, मान डोलवायचा आणि मुलाला मागेच ठेवायचा. वर्षातून एकदा सगळ्यांना खोर फक्कानला समुद्रावर न्यायचा आणि तिथेही वाळूत रांग लावून वळायला शिकवायचा. पुन्हा वळ. पुन्हा वळ. स्वतःचा गुडघा धरून उभा असायचा.

माझ्या मागे हा बोर्ड लावलाय. ‘दुखापत लपवून लढलेला योद्धा.’ शिरीषदादा, तुम्ही प्रेमाने लिहिलंय, मला माहीत आहे. माझ्यावर चिडू नका. पण परवा इथे प्रॅक्टिसला एक मुलगी लंगडत पळत होती. अकरा वर्षांची. मी म्हटलं, बाळ, बस खाली, पाय बघू. तर मला म्हणते, ‘कोच टी प्लेड हर्ट, अंकल.’ म्हणजे कोच दुखत असतानाही खेळले, मग मी का बसू?

आणि त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, मी मारितकडे गेलो होतो. येत्या बुधवारी त्या कायमच्या स्वीडनला चालल्यात. घरात खोकी भरून ठेवलेली. मला कॉफी दिली आणि म्हणाल्या, ‘अजित, माझा नवरा फार सरळ माणूस होता. फक्त एकदा त्याने मला दिलेला शब्द मोडला. मॅचच्या सकाळी मी त्याला म्हटलं होतं, अजितला गुडघा नीट दाखव, तो नाही म्हणाला तर खेळू नकोस. हो म्हणाला, आणि तसं केलं नाही. बारा वर्षं झाली, माझ्या मनातून ते जात नाही. आता तर तो भांडायलाही नाही.’ मी कॉफी प्यायलो. कप धुऊन ठेवला. घरी आलो. एक शब्द बोललो नाही. असा नालायक माणूस आहे मी, मंडळी.

कारण ती सगळी गोष्ट खोटी आहे.

मॅचच्या दिवशी सकाळी आठला टोर्केल माझ्या खोलीत आला. टेबलावर बसला, ट्रॅकपँट वर केली आणि म्हणाला, ‘बघ.’ आम्ही फिजिओ आधी हाताची मागची बाजू लावून बघतो. एका गुडघ्याला, मग दुसऱ्याला. उजवा गार होता. डावा गरम होता, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा. वाटीच्या वर पाणी साठलं होतं, दाबलं की हलत होतं. मला कळलं. हात लावल्या लावल्या कळलं.

तो म्हणाला, ‘कालपासून वाढलंय. तू नाही म्हणालास तर मी खेळत नाही.’

आणि मी काय केलं? आठवडाभर आधी मी मोठ्या रुबाबात हेड कोचला सांगून बसलो होतो, ‘शुक्रवारी खेळणार म्हणजे खेळणार, हबीबी!’ कोणता शहाणा फिजिओ तारीख देतो हो? बघू म्हणायचं असतं. मला शायनिंग मारायची होती. बायको आणि सई व्हिसावर येऊन जेमतेम महिना झाला होता. आता त्या कोचसमोर जाऊन ‘माझा अंदाज चुकला’ म्हणायचं, तेवढी माझी हिंमत झाली नाही. तेवढंच म्हणायचं होतं, मंडळी. तीन शब्द. मी टोर्केलला म्हटलं, थोडी सूज आहे, पट्टी घट्ट बांधतो, चालेल. त्याने माझ्याकडे बघितलं. ‘नक्की?’ मी म्हटलं, नक्की. आणि फिटनेसच्या कागदावर ‘नॉर्मल’ असं लिहून मी सही केली.

सई...

सई, थांबलीस का? थांबू नकोस बाळा. सांग त्यांना. मी जे बोललो तेच सांग, मऊ करून सांगू नकोस. हो, तुलाही आजच कळतंय. आईला मी काल सांगितलं. तुझ्यासमोर बसून सांगायचा धीर झाला नाही मला. सांग.

हॉस्पिटलमध्ये क्लबचे मॅनेजर आले, डॉक्टर आले. पहिला प्रश्न हाच, याला फिट कोणी ठरवलं? मी भिंतीशी उभा होतो. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात पलंगावरून टोर्केल म्हणाला, ‘अजितला माहीत नव्हतं. मी लपवलं. गोळ्या घेतल्या, बर्फ लावला.’ झालं, विषय संपला. ते बाहेर गेले आणि मी रडायला लागलो. तर मला म्हणाला, ‘माझं काम तर गेलंच, अजित. दोघांचं कशाला?’

इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की घर उचलून विमानात बसायचं. तुम्हाला मी ते काय सांगू? त्याने मला वाचवलं. माझं घर वाचवलं. आणि मी वाचवून घेतलं.

नंतर दरवर्षी मी म्हणायचो, टोर्केल, मला सांगू दे. निदान मारितना सांगू दे. तो एकच विचारायचा, ‘सई कितवीत आहे?’ मी म्हणायचो, दुसरीत. ‘मग थांब.’ पाचवीत. ‘थांब.’ नववीत. ‘थांब अजून.’ त्याला आपली बायको ठाऊक होती. मारितना कळलं असतं तर त्या गप्प बसल्या नसत्या, क्लबच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या असत्या. म्हणून त्याने त्यांनाही खोटंच सांगितलं आणि त्यांचा राग बारा वर्षं घरात बसून सोसला. खरं सांगतो, मला ते सोयीचंच होतं. त्याने ‘थांब’ म्हटलं की मला आतून हायसं वाटायचं.

यंदा मार्चमध्ये सईची बारावी झाली. मी ठरवलं, याला फोन करायचा, झाली म्हणावं शाळा, आता बोलू दे. उद्या करू, या वीकेंडला करू, असं करत राहिलो. मग तीन आठवड्यांपूर्वी सकाळी मारितचाच फोन आला. झोपेतच गेला. हार्ट. मला त्याची माफीही मागायची राहिली.

उद्या मी क्लबला लिहिणार आहे. त्याच्या स्वीडनमधल्या जुन्या क्लबालाही लिहिणार आहे. माझ्या लायसन्सचं जे व्हायचं ते होऊ दे. आणि शिरीषदादा, हा बोर्ड आपण दोघं मिळून उतरवू. पोरांनो, दुखलं तर सांगायचं. ओरडून सांगायचं. तुमच्या कोचनेही सांगितलं होतं. ऐकणारा कच्चा निघाला.

मारित, हे मी तुम्हाला गुरुवारी सांगायला हवं होतं. दोघंच असताना, तुमच्या घरी. नाही जमलं. आज माझ्या मुलीच्या तोंडून ऐका. त्या सकाळी टोर्केलने मला गुडघा दाखवला. नीट दाखवला. मी नाही म्हटलं असतं तर तो खेळला नसता. मी हो म्हटलं. तुमच्या नवऱ्याने तुम्हाला दिलेला शब्द पाळला होता.

मंडळी, आता उभे राहू या. दोन मिनिटं त्याच्यासाठी शांत राहू. पण शिरीषदादा, घड्याळ लगेच लावू नका. सई अजून सांगतेय. तिचं सांगून होऊ दे.