माईक गायकानंच आणायचा का?

...नाही, पण तुम्हीच सांगा, चित्र काढणाऱ्यानंच वर फ्रेमचेही पैसे भरायचे, हा कुठला न्याय? हे मी नाही म्हणत हं, आमचे भाऊजी म्हणतात, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि एकदा म्हणून थांबतील तर शपथ, चहा पिताना तेच, बूट घालताना तेच, "गायकाला कुणी सांगतं का, येताना माईक घेऊन ये म्हणून?" आता याला काय उत्तर देणार? ताई म्हणाली, "असू दे."

तुम्हाला सांगतो, ताईचं तेव्हा सगळ्यालाच "असू दे" होतं. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, हिनं दिवसभर लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि घरी येऊन त्यांची कूस बदलायची, आणि त्या गेल्या तेव्हा ही रडलीच नाही. भेटायला आलेले रडून गेले, ही त्यांचे कप विसळत बसली. शेजारीण म्हणते, "मन घट्ट आहे हो हिचं." घट्ट कसलं डोंबलाचं? दाढ काढल्यावर गाल कसा होतो, चिमटा काढला तरी आपला की शेजाऱ्याचा कळत नाही, तसं झालं होतं तिचं...

त्या दिवसांत तिनं एक चित्र काढलं. कॉलेजात काढायची, मग लग्न, नोकरी, राहून गेलं ते गेलंच. चित्र म्हणजे काय, तर सासूबाईंची खोली. खाट, खाटेवर घडी घातलेली चादर आणि भिंतीवर खिडकीचं ऊन. माणूस नाही. पुरं झालं आणि तिनं ते कपाटामागे सरकवलं, घरात कुणी विचारलंही नाही, भाऊजींनी तर नाहीच, ते त्या खोलीत पाऊलच टाकत नव्हते.

लॅबमधल्या मैत्रिणीनं मात्र ते बघितलं आणि परस्पर एका प्रदर्शनात हिचं नाव देऊन टाकलं. हॉलवाल्या बाई म्हणाल्या, चित्र काच-फ्रेमसकट आणा. मैत्रीण म्हणाली, "चांगल्या फ्रेमवाल्याकडे दे हं. मुलाखतीला कुणी बनियनवर जातं का?" आणि इथं भाऊजी उठले.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. त्यामुळे लाकूड, लोखंड, खिळा, स्क्रू, जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत. "चार पट्ट्या ठोकायच्या, त्यात काय एवढं? फ्रेमवाल्याची धन कशाला करायची?" केलीन् त्यांनी फ्रेम. चित्र पालथं ठेवून केली, म्हणजे मागूनच, चित्र कसलं ते बघितलंही नाही. कोपरे कसे बसले? एक पट्टी पूर्वेला, दुसरी तिच्यावर रुसलेली. ती टांगायला लिफ्टची जुनी तार. म्हणे, "हिच्यावर माणसं लटकतात, चित्र काय चीज आहे?" मी हळूच म्हटलं, ताई, अगं फ्रेमवाल्याकडे... "असू दे."

प्रदर्शनाचा पहिला दिवस, भाऊजी कामावर. पाहुणे, सरबताचे पेले, कुणीतरी भाषण करतंय आणि मागे... कर्रर्र. तार तुटली नाही हो, तारेला मी काही म्हणणार नाही. वरची पट्टी तारेला घट्ट, जागच्या जागी, आणि तिच्याखालचं सगळं, तीन पट्ट्या, काच, चित्र, धाडकन खाली. सगळा हॉल वळला. भिंतीवर एक पट्टी लोंबकळतेय. एक गृहस्थ तिच्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "आधुनिक दिसतंय." ताईनं वाकून काचा वेचल्या. बोट कापलं, तेही तिला दुसऱ्यानं सांगितलं. "असू दे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गेलो फ्रेमवाल्याकडे, भाऊजी घासाघीस करायला बरोबर. फ्रेमवाल्यानं चित्र टेबलावर उलगडलं, त्याभोवती पांढरा जाड कागद ठेवला, मग पट्ट्यांचे तुकडे कोपऱ्याला लावून बघायला लागला. सोनेरी लावली, काढली. लाल लावली, काढली. मग एक बारीक, काळपट लावली आणि ते ऊन असं भिंतीवर आलं म्हणून सांगू... भाऊजी "एवढे पैसे कसले" म्हणायला तोंड उघडून होते, ते तसंच राहिलं.

"ही आईची खोली आहे," ते म्हणाले.

"हो."

"चादरीची घडी तू घातलेली."

"हो. त्या दिवशी."

भाऊजींनी मान खाली घातली. मग फ्रेमवाल्याला म्हणाले, "हीच पट्टी. काच चांगली घाला." किंमत विचारली नाही. ज्यांना भाजीवाला लांबून बघून पाटी झाकतो, त्या माणसानं किंमत विचारली नाही.

चित्र पुन्हा हॉलमध्ये लागलं आणि काय सांगू, लोक थांबायला लागले. एक डॉक्टरीण बाई तर आल्याच, "हे मला हवं." ताईचं आयुष्यातलं पहिलं गिऱ्हाईक. आणि ताईनं तोंड उघडायच्या आत भाऊजी पुढे, "विकायचं नाही." मी कपाळाला हात लावला. मैत्रीण कुजबुजते, "अरे, मग फ्रेमचे पैसे निघायचे कसे?"

परत येताना मी ताईला विचारलं, काय गं, पहिलं गिऱ्हाईक हातचं गेलं, वाईट नाही वाटलं? तिनं जरा विचार केला, खरंच केला.

"वाटेल हळूहळू," म्हणाली. "पण आधी काहीतरी खाऊ या. किती दिवसांनी भूक लागलीय रे."