भामीचं अळणी

...आता मीठ बंद म्हंजी मीठ बंद, ह्यात इचारायचं काय हाय? पण तुमाला सांगतो, आमच्या घरात माझं ऐकतंय कोण.

भामी, आमची पोरगी, बारा वर्साची. सकाळी उठली की तोंड सुजलेलं, डोळे मिचमिचे, अन् गल्लीतल्या बाया म्हणत्यात, 'आश्रुबा, पोरगी कशी अंगानं भरली.' भरली? डोकं धरून भिताडाला टेकून बसायची वो. एक दिवस नाकाचा घोळणा फुटला, रगत थांबंना, तवा गाडी जुंपली अन् धारूरला दवाखान्यात नेली. डाक्टर हैदराबादेचा. त्यानं दंडाला पट्टा आवळला, फुगवला, काचंच्या नळीत पारा चढला... चढतच गेला. 'खून का जोर भौत है, पाटील.' मी म्हणलो, 'साहेब, हे म्हाताऱ्याचं दुखणं, एवढ्याशा लेकराला कावून?' तर म्हणला, 'वय बघून येत न्हाई. ह्या जोरानं गुर्दे म्हंजी मूत्रपिंडं जातेत, नजर जाती, काळीज थकतंय. हिचे गुर्दे दुखावलेत, हाय तेवढे संभाळा. मीठ बंद, कायमचं.'

घरी सांगितलं, तर आमची बायकू सुभद्रा म्हणती, 'म्हंजी अळणी धरायचं की. योगेश्वरी देवीला नवस बोलते.' म्हणलं, बोल बाई, मीठ तर सुटंल. पोरगी गुमान अळणी खाऊ लागली, सूज वसरली, एक दिवस चक्क झोका खेळताना दिसली. मला रडू आलं, खोटं कावून बोलू.

अन् परवा बाजारातून येतो तर दारात पायताणांचा ढीग, आत पंगत. 'काय गं हे?' 'उद्यापन. देवी पावली, आता व्रत सोडायला नको?' आवं, दवाईचं कधी उद्यापन असतंय का? पण माझं ऐकतंय कोण. भामीच्या ताटात पापड, सांडगे, अन् पोरगी लोणच्याची फोड तोंडाकडं नेतीया... धावत जाऊन हात धरला. ती रडाया लागली, बाया उठल्या, 'देवीच्या ताटावरून लेकराला उठवतो व्हय?' गुर्दे म्हणलो, पारा म्हणलो, ऐकतंय कोण. अन् तोंडातून निघून गेलं, 'उद्यापन कसलं? मी देवीला जलमभराचं बोललोय.'

बाया परत खाली बसल्या. सुभद्रानं ताट उचललं. मला वाटलं, जिंकलो. तर ती शांतपणे म्हणती, 'बोलला तुमी, मग पाळायचं बी तुमी. पोरीसंगं.'

तवापासून अळणी पिठलं गिळतोय. घशाखाली उतरत न्हाई, शपथ. पण देवीपुढं हात जोडले की एकच मागतो, आई, भामीच्या ताटाशेजारी बसून हे अळणी मला लई वर्सं खाऊ दे.