बिजागरीचे चार स्क्रू

कमलवहिनी, संगीता, देशपांडे बाई आणि मिरजगावच्या माझ्या सगळ्या माणसांनो,

माझं नाव घेतलं तेव्हा मागं कोणीतरी म्हणालं, "बबन? हा काय बोलणार?" बरोबर आहे त्याचं. तीस वर्षं मी गाड्यांशी बोललो, आणि त्याही बिघडलेल्या. पण आपला महादू मिस्त्री गेला, त्याच्याबद्दल मी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? रस्त्याच्या अलीकडं माझं गॅरेज, पलीकडं त्याचं. आणि तुम्हाला माहीत आहे, नव्या पोरांना नसेल, की आम्ही दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो.

भांडण कशावरून? हसाल तुम्ही. हसा. पाटीवरून! मी पाटी लावली, 'येथे गाडी लवकर दुरुस्त होते.' आठ दिवसांनी समोर त्याची पाटी लागली, 'येथे गाडी दुरुस्त होते.' बास. एक शब्द कमी. सगळं गाव हसलं आणि मी पेटलो.

हां, वहिनी हसल्या. बरं वाटलं.

तर अशी अकरा वर्षं गेली. आणि मग एका बुधवारी सकाळी देशपांडे बाई त्यांची पांढरी गाडी घेऊन माझ्याकडं आल्या. बाईंनी आपल्यातल्या निम्म्या लोकांना शाळेत शिकवलंय, त्यामुळं ती गाडीही सगळ्यांना ठाऊक आहे. जुनी, चाळीस वर्षांची. तिचा डावीकडचा पुढचा दरवाजा लोंबत होता. लागायचा नाही. कर्जतहून येताना एका खड्ड्यात तो चालत्या गाडीत उघडला होता.

बाई म्हणाल्या, "बबन, शुक्रवारी सकाळी आईला घेऊन नेवाशाला जायचंय. मावशीनं अंथरूण धरलंय. आईला तिला एकदा बघायचंय. आई दुसऱ्या कुठल्या गाडीत चढू शकत नाही, हीच तिला बुटकी पडते. आणि ती त्याच दारापाशी बसते."

आई तेव्हा नव्वदीच्या. मी म्हणालो, "बाई, दुपारी घेऊन जा." पाटीच तशी होती ना माझी!

काम साधं होतं. वरची बिजागरी झिजली होती, ती बदलायची. चार स्क्रू काढायचे. चार! पण ते चाळीस वर्षं जागचे हलले नव्हते. गंज एवढा की स्क्रू कुठला आणि पत्रा कुठला कळेना. मी पेचकस लावला आणि दिला जोर. सटकला. पुन्हा जोर. पुन्हा सटकला. पहिल्याची खाच गेली. दुसऱ्याची गेली. रागानं तिसरा धरला, त्याचंही डोकं अर्धं खाल्लं. तासाभरात दोन स्क्रू बटणासारखे गुळगुळीत, तिसरा अर्धा! धरायला काही राहिलंच नाही.

मी गाडीशेजारी जमिनीवर बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. शुक्रवारी त्या म्हातारीला काय सांगायचं? बहीण वाट बघतेय तिकडं, आणि माझ्या घाईपायी इथं दार लागत नाही?

तेवढ्यात दारात सावली पडली. महादू. हातात पिठाचा जुना डबा, त्यात त्याची हत्यारं. रस्त्यापलीकडून तासभर बघत होता म्हणे.

"बबनराव, यिऊ का आत?"

अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द, मंडळी. त्यानं परवानगी मागितली. माझी फजिती बघून तो दारातूनच हसला असता तर मी काय करणार होतो?

मी सरकून त्याला जागा दिली. तो वाकला, स्क्रूंवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "लई जोर हाय तुमच्या हातात. आता त्यो जरा बाजूला ठिवा."

मग त्यानं तारेच्या ब्रशनं गंज खरवडला. टोच्यानं खाचांमधली घाण काढली. गंज सोडवायचं तेल थेंब थेंब सोडलं. आणि हात पुसून म्हणाला, "चला, च्या पिऊ."

मी म्हणालो, "आणि स्क्रू?"

"त्ये बी पित्यात की त्यांचा च्या. पिऊ द्या."

दिवसभर तेच. तेल सोडायचं, हातोडीनं हलक्या टिचक्या मारायच्या, थांबायचं. संध्याकाळी बाई आल्या. मी तोंड उघडायच्या आत महादू म्हणाला, "बाई, स्क्रू म्हातारं झाल्यात. उद्याच्याला निघतील." माझं नाव नाही घेतलं त्यानं. एका शब्दानं नाही.

बाई, आज सगळ्यांसमोर सांगतो. स्क्रू म्हातारे नव्हते. मी बिघडवले होते ते.

काय म्हणता बाई? ... ऐकलंत का मंडळी? बाई म्हणतात, "बबन, तू चौथीतसुद्धा पेन्सिलीचं टोक असंच मोडायचास. मला तेव्हाच कळलं होतं!"

धन्य आहे! दहा वर्षं मी उगाच झुरलो.

गुरुवारी सकाळी महादूनं एक पेचकस काढला, हातोडा मारला की आपोआप फिरणारा. चौथा, धड राहिलेला स्क्रू पहिल्यांदा घेतला. मला म्हणाला, "आधी सोडवायचा न्हाई. आधी थोडा आवळायचा." मी म्हणालो, काहीतरीच काय? "अवो, सोडवाया गेलं की त्यो अडून बसतो. आवळाया गेलं की गाफील ऱ्हातो." आणि मंडळी, कर्र आवाज झाला आणि तो हलला! अर्धा खाल्लेलाही तसाच निघाला.

राहिले दोन गुळगुळीत. त्यानं बॅटरीची तार काढायला लावली, सीट बाहेर काढली, आजूबाजूला ओली पोती लावली. मग स्क्रूच्या डोक्यावर एक नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंगचा टाका मारला. नव्या डोक्याचा स्क्रू तयार! थोडं निवू दिलं आणि पाना माझ्या हातात दिला.

"तुमी फिरवा. गॅरेज तुमचं हाय."

मी हळू फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा इतका हळू. आणि तो आला, हो! लोण्यातनं आल्यासारखा आला. दुसराही आला. मी ओरडलो. महादू ओरडला. समोरचा टपरीवाला धावत आला, त्याला वाटलं शॉक लागला. आम्ही दोघं पन्नाशीचे बाप्ये गॅरेजात गळ्यात गळे घालून नाचत होतो. वहिनी, तुम्ही रस्ता ओलांडून आलात आणि म्हणालात, "ह्यांना काय झालं?" आठवतं?

त्याच दिवशी नवी बिजागरी बसवली, आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता बाईंच्या आई गाडीत बसल्या. दार लागलं. नेवाशाला दोघी बहिणी तीन दिवस हातात हात घालून बसल्या होत्या, असं बाई सांगतात. मावशी पुढच्या महिन्यात गेल्या. पण भेट झाली. भेट झाली, मंडळी!

त्यानंतर दहा वर्षं रोज चारचा चहा आम्ही एकत्र प्यायलो. एकदा मी त्याला विचारलं, "महादू, त्या दिवशी तू आलास कशाला? मी तर तुझा दुश्मन."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "नगरला गॅरेजात नवा हुतो तवा माझ्याकडनं बी असंच झाल्तं. मालक बघत हुता, शेजारचा मिस्त्री बघत हुता, समदी हसत हुती. कोन बी जवळ आलं न्हाई. मी हत्यारं तिथंच टाकून पळून आल्तो. म्हयनाभर पाना हातात धरला न्हाई. त्या दिवशी तू खाली बसलेला दिसलास आन् मला ऱ्हाववलं न्हाई, बबन्या."

एवढाच माणूस होता तो. कोणी खाली बसलेलं दिसलं की त्याला राहवायचं नाही.

संगीता, पोरी, तुझा बाप रस्ता ओलांडून आला होता. आपण सगळ्यांनी एवढंच त्याच्याकडून घ्यावं असं मला वाटतं.

आता उठू या. दोन मिनिटं शांत राहू. कोणाला रडू आलं तर रडा, कोणाला त्याचं काही आठवून हसू आलं तर खुशाल हसा, त्याला चालेल.

महादू, गड्या, रामराम.